अंशतः ढगाळ

सकाळी साडेआठ.
पांढऱ्या पेटीची झडप उघडते.
कोरडा तापमापक बावीस पूर्णांक चार,
ओला बावीस पूर्णांक एक.
दोघांत आज बोटभरही अंतर नाही.
मी वहीत लिहिते, पुण्याला कळवते,
आणि दुपारी पुण्याहून ते परत येतं
वाक्य होऊन, इस्त्री करून:
कोल्हापूर व लगतचा घाटमाथा,
आकाश अंशतः ढगाळ,
तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.

वसुबारस उद्यावर.
सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, बाई हवामानात असते.
सुतारांचा पोरगा विचारतो, किल्ल्यावर प्लॅस्टिक टाकू काय?
मावळे मातीचे आहेत, रंग ओला आहे.
गुऱ्हाळवाले हिंदुराव सायकल न थांबवता ओरडतात,
चिपाडं वाळंनात, चुलवाण पेटवू का नको?
जणू वारा माझ्याच परवानगीनं सुटतो.

मी म्हणते, अंशतः.
अंशतः म्हंजे किती, ताई?

नोकरीला लागले तेव्हा शिकवलं होतं,
आकाशाचे आठ तुकडे करायचे, भाकरी मोडतात तसे,
आणि ढगांनी किती खाल्लेत ते मोजायचं.
आज तीन. फार तर साडेतीन,
पण अर्धा तुकडा लिहायला रकाना नाही.

रात्री वरची रसिका जिन्यात थांबते.
माहेर कणकवली. बारा वर्षांत
तिचं 'जातंय' कधी 'जातो' झालं
तिलाही कळलं नाही.
'पहाटं पाचच्या गाडीनं जातो गं मी, रिझर्वेशन हाय.
दोन पोरं, एक डबा, घाटात काय हाय?'

घाटात काय आहे हे सांगणं माझं काम नव्हे.
मी फक्त आकडे कळवते. अंदाज पुण्याचा.
पण दोन्ही तापमापक असे चिकटले
की हवेला आणखी पाणी पिववत नाही.
मग ती ते कुठंतरी सांडते.
बावड्याच्या पुढं सांडते, करूळच्या वळणांवर,
पांढरं, दाट, बसच्या काचेला नाक लावून.
त्यात कारखाने सुरू झालेले.
जोडीच्या ट्रॉल्या रस्त्यावर,
मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही.

'पाचची सोड,' मी म्हणाले. 'आठच्या गाडीनं जा.'
सरकारी नोकरीत एकवीस वर्षं झाली,
माझ्या तोंडून गेलेला हा पहिला अंदाज.

साडेदहाला बावड्याहून फोन.
'ऊन पडलंय की गं लख्ख!
रिझर्वेशन गेलं, हितवर उभा राहून आलो,
धाकटा डब्यावर बसला, निम्मे लाडू फुटले.'
मागं कुणीतरी भज्यांची ऑर्डर देत होतं.
'आणि पाचची गाडी?' मी विचारलं.
'ती गेली की. पोचली असंल.'
पहाटे तिला समोरचं दिसत होतं का,
हे विचारायला कोण होतं तिथं?
वहीत 'शेरा' म्हणून एक रकाना आहे.
पेन टेकवून ठेवलं, मग उचललं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशीही साडेआठ वाजतातच.
केसांत उटण्याचा वास घेऊन मी पेटीपाशी जाते.
ओल्या तापमापकाच्या पायाशी कापड असतं,
मलमल, दोन बोटं रुंद,
खालच्या बाटलीतलं पाणी वर ओढणारं.
महिनाभरात ते पिवळं पडलंय.
जुनं सोडते, नवं गुंडाळते, दोऱ्याची गाठ मारते.
साऱ्या कोल्हापूरला नवे कपडे, मग ह्यालाच का नको?

थांबते. पारा खाली सरकतो.
कोरडा अठरा पूर्णांक सहा, ओला पंधरा पूर्णांक दोन.
वारा फिरलाय, पूर्वेचा झालाय,
मळीचा वास घेऊन येतोय.
आठांतला एकही तुकडा खाल्लेला नाही.

किल्ल्यावरचं प्लॅस्टिक आता काढलं तरी चालेल.
पण ते मी सांगणार नाही.
दुपारी पुणे सांगेल.